पुस्तक कपाटातच राहू द्या, आधी फॉर्म भरा!

लायब्ररी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सबमिशनच्या आदल्या दिवशीची झेरॉक्सची रांग, एकच कॉपी शिल्लक असलेलं टेक्स्टबुक आणि दर पाच मिनिटांनी "सायलेन्स प्लीज" म्हणणारे काका! लायब्ररी ही भांडणाची जागा असू शकते हे आपल्या डोक्यातही येत नाही (फाइनवरून होणारी भांडणं सोडून). पण अमेरिकेत गेली काही वर्षं गावोगावच्या लायब्रऱ्यांमध्ये रण पेटलं आहे. आणि तेही एका साध्या प्रश्नावरून: हे पुस्तक इथे ठेवायचं की नाही, आणि ते ठरवायचं कोणी?

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हॅरी पॉटरसाठी वेटिंग लिस्ट असायची. तोच हॅरी पॉटर अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदींप्रमाणे २००० ते २००९ या काळात तिथली सर्वांत जास्त आक्षेप घेतली गेलेली मालिका होती. मुख्य आक्षेप काय, तर जादूटोणा! मला आधी हसू आलं. मग वाचत गेले तसं लक्षात आलं, की प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. यात लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत, एका गावाने आपल्याच लायब्ररीचे पैसे बंद केले आहेत, आणि प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली आहेत. आणि या सगळ्याच्या मधोमध उभी असते लायब्ररी बोर्डावरची बिनपगारी माणसं. त्यांनी अशा वेळी करायचं काय, हे समजावून सांगायचा हा प्रयत्न.

हरकत वेगळी, बंदी वेगळी

सुरुवातीलाच एक अडचण. तिकडे अशा तक्रारीला 'चॅलेंज' म्हणतात. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे याला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच वेळ डोकं खाजवलं. 'आव्हान' म्हटलं तर कुस्तीचा आखाडा वाटतो. शेवटी आजीने शब्द दिला: 'हरकत'. कोर्टात वकील घेतात ना, तशी. मला तो फारच आवडला, म्हणून पुढे तोच वापरते आहे.

तर हरकत म्हणजे एखादं पुस्तक काढून टाका, किंवा ते सहज हाती लागणार नाही असं ठेवा, अशी कोणीतरी केलेली मागणी. ती मान्य होऊन पुस्तक गेलं, की झाली बंदी. आपल्याकडे बंदी म्हटलं की सरकारी आदेश डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याला इतकं भक्कम संरक्षण दिलं आहे, की अख्ख्या देशात एखाद्या पुस्तकावर बंदी घालणं जवळपास अशक्य. म्हणून लढाई होते ती खाली, गावातल्या कपाटापाशी.

काही जण म्हणतात, पुस्तक दुकानात मिळतंय ना, मग ओरड कशाला? मला हे पटत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला दुकान आहे. ज्या मुलाच्या खिशात नाहीत, त्याचं दुकान म्हणजे लायब्ररीच.

आता हे बोर्ड म्हणजे काय? आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयाला कार्यकारी मंडळ असतं, साधारण तसलाच प्रकार. मोजकी पाच-सात-नऊ माणसं, कुठे निवडून आलेली तर कुठे नगरपालिकेने किंवा काउंटीने (म्हणजे साधारण आपला जिल्हा) नेमलेली. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी गृहिणी. बजेट मंजूर करणं, मुख्य ग्रंथपाल नेमणं आणि नियम ठरवणं ही त्यांची कामं. एकेक पुस्तक निवडणं हे त्यांचं काम नाही, ते शिकलेल्या ग्रंथपालाचं. (शाळांच्या लायब्रऱ्या मात्र निवडून आलेल्या स्कूल बोर्डाच्या हाताखाली येतात.)

खरी गोची अशी, की ही माणसं त्याच गावात राहतात. सकाळी ज्याच्या दुकानातून ब्रेड घेतला, तोच संध्याकाळी मीटिंगमध्ये माइकपुढे उभा राहून ओरडत असतो. अशा वेळी "जाऊ दे ना, एका पुस्तकाने काय होतंय" असं वाटणं अगदी साहजिक आहे.

थोडं गणित

आपण इंजिनिअर (होऊ घातलेले!), तेव्हा आकडे बघूच. असोसिएशनच्या नोंदींप्रमाणे २०२१ मध्ये ७२९ हरकती आल्या. २०२२ मध्ये १,२६९ आल्या आणि त्यांत २,५७१ वेगवेगळी पुस्तकं होती. २०२३ मध्ये हरकती १,२४७, पण पुस्तकं ४,२४०! २०२४ मध्ये हरकती ८२१ वर आल्या, पुस्तकं २,४५२.

आता २०२३ चा भागाकार करा. ४,२४० भागिले १,२४७, म्हणजे ३.४. एकच पुस्तक दोन हरकतींत आलं असेल तरी ते इथे एकदाच मोजलेलं आहे, म्हणजे दर हरकतीमागची खरी सरासरी ३.४ पेक्षा जास्तच भरणार. एखाद्या आईने मुलाच्या दप्तरातलं पुस्तक उघडलं, तिला धक्का बसला आणि ती लायब्ररीत आली, तर ती एका पुस्तकाबद्दल बोलेल. एका दमात दहा-वीस किंवा शंभर पुस्तकं येतात तेव्हा ती कोणीतरी तयार केलेली यादी असते. असोसिएशनचं २०२४ चं निरीक्षणही तेच सांगतं: ७२ टक्के मागण्या दबावगट, लोकप्रतिनिधी, बोर्डाचे सदस्य आणि प्रशासकांकडून आल्या. पालकांकडून आल्या फक्त १६ टक्के.

हा फरक बोर्डाने डोक्यात पक्का ठेवायला हवा. पालकाशी बोलायचं असतं, आणि यादीला पद्धतीने उत्तर द्यायचं असतं.

कपाटापाशी झालेली जुनी लढाई

हे काही आजचं नाही. १९३९ मध्ये जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ही कादंबरी आली. दुष्काळाने देशोधडीला लागलेली कुटुंबं कॅलिफोर्नियात मजुरीला येतात, त्यांची ही कथा. ज्या भागातल्या शेतांवर ती मजुरी चालायची त्यातल्याच कर्न काउंटीच्या कारभाऱ्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चार विरुद्ध एक मतांनी ठराव केला, की ही कादंबरी इथल्या लायब्रऱ्यांत आणि शाळांत नको. तिथल्या ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी कारभाऱ्यांना पत्र लिहून विरोध केला. नोकरी त्याच कारभाऱ्यांच्या हातात असताना! बंदी १९४१ च्या जानेवारीपर्यंत टिकली.

त्याच सुमाराला फॉरेस्ट स्पॉल्डिंग या ग्रंथपालाने डे मॉइन शहराच्या लायब्ररीसाठी एक छोटासा जाहीरनामा लिहिला होता (१९३८). लेखक कोण, त्याची मतं काय, यावरून पुस्तक वगळायचं नाही असा त्याचा आशय. असोसिएशनने १९३९ मध्ये तो जवळजवळ तसाच स्वीकारला. तोच 'लायब्ररी बिल ऑफ राइट्स'. पुढे १९६७ मध्ये असोसिएशनने यासाठी वेगळं ऑफिसच उघडलं. ज्युडिथ क्रूग यांनी ते कित्येक वर्षं चालवलं, आणि १९८२ मध्ये सुरू झालेला 'बॅन्ड बुक्स वीक' हाही त्यांच्याच पुढाकाराचा.

स्वतःचाच नियम मोडला आणि फसले

पण बोर्डांनी सगळ्यांत जास्त शिकावं अशी केस म्हणजे आयलंड ट्रीज. हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं स्कूल बोर्ड. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचे काही सदस्य पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेला गेले आणि येताना 'आक्षेपार्ह' पुस्तकांची यादी घेऊन आले. (बघा, यादी तेव्हाही होतीच!) त्यातली नऊ पुस्तकं त्यांना आपल्या हायस्कूलच्या लायब्ररीत सापडली. त्यात कर्ट व्हॉनेगट यांचं 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' होतं, रिचर्ड राइट यांचं 'ब्लॅक बॉय' होतं, आणि डेस्मंड मॉरिस यांचं माणसाच्या प्राणिशास्त्रावरचं 'द नेकेड एप'सुद्धा होतं. १९७६ च्या फेब्रुवारीत बोर्डाने सांगितलं, कपाटातून काढा.

तिथल्या सुपरिंटेंडंटने बोर्डाला आठवण करून दिली, की अशा तक्रारींसाठी आपल्याकडे आधीच नियम आहे, समिती नेमून पुस्तकं तपासायला हवीत. बोर्डाने समिती नेमलीही, चार पालक आणि चार शाळेचे कर्मचारी. यादीतल्या एकूण अकरा पुस्तकांपैकी पाच ठेवा आणि दोन काढा असं समितीने सांगितलं, उरलेल्यांवर एकमत झालं नाही किंवा अटी घातल्या. आणि बोर्डाने काय केलं? समितीचं म्हणणं बाजूला ठेवलं! एक पुस्तक मोकळेपणाने परत आलं, एक पालकांच्या परवानगीने, आणि बाकीची गेली ती गेलीच.

स्टीव्हन पिको हा हायस्कूलचा विद्यार्थी आणि त्याच्याबरोबर आणखी चार जण कोर्टात गेले. म्हणजे आपल्यापेक्षाही लहान मुलं! १९८२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला. पाच जणांचंही एकमुखी कारण नव्हतं, पण न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या मुख्य मताचा अर्थ असा: फक्त त्यातले विचार आवडत नाहीत म्हणून शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक काढता येणार नाही. पुस्तक अश्लीलतेने भरलेलं असेल किंवा शिक्षणाच्या दृष्टीने निरुपयोगी असेल, तर गोष्ट वेगळी. केस पुढच्या सुनावणीसाठी खालच्या कोर्टात परत जायची होती, पण बोर्डाने त्याच ऑगस्टमध्ये पुस्तकं परत ठेवायचं ठरवलं.

माझ्या मते या केसची मेख नियमात आहे. बोर्डाच्या हेतूबद्दल कोर्टाला संशय का आला? कारण लिहून ठेवलेली पद्धत त्यांनीच मोडली. पद्धत पाळून, समितीचं ऐकून, कारणं लिहून एखादं पुस्तक काढलं असतं तर त्यांना आपली बाजू मांडायला काहीतरी हातात असतं.

मग बोर्डाने करायचं काय?

आता मुद्द्याचं बोलू. अमेरिकेतल्या चांगल्या लायब्रऱ्या जी पद्धत वापरतात, ती मी आपल्या जर्नलमधल्या प्रोसिजरसारखी पायरीपायरीने लिहिते.

१) नियम आधी लिहा. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. पुस्तकं कशी निवडतो, कशी काढतो आणि हरकत आली तर काय करतो, हे सगळं शांततेच्या काळात बोर्डाने मंजूर करून ठेवायचं. फायर एक्झिट आग लागल्यावर बांधत नाहीत ना?

२) आधी ऐका. तक्रार घेऊन आलेला माणूस बऱ्याचदा घाबरलेला किंवा चिडलेला असतो. ग्रंथपालाने त्याला बसवून पूर्ण ऐकून घ्यायचं आणि त्याच्या मुलासाठी दुसरं पुस्तक सुचवायचं. "आम्ही काढतो" किंवा "तुम्हाला काय कळतंय" ही दोन्ही वाक्यं वर्ज्य! कितीतरी प्रकरणं इथेच मिटू शकतात.

३) नाही मिटलं, तर फॉर्म. नाव, पत्ता, तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलं आहे का, नेमका कोणता भाग खटकला, काय व्हावं असं वाटतं. एका पुस्तकाला एक फॉर्म. हा फॉर्म भरताना निम्मा राग ओसरतो, आणि शंभर पुस्तकांची यादी घेऊन आलेल्याला शंभर वेळा "मी हे वाचलं आहे" असं लिहावं लागतं!

४) निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच. लोक सगळ्यांत जास्त इथेच चुकतात. "तूर्तास काउंटरमागे ठेवू" म्हणणं म्हणजे आधी शिक्षा आणि मग खटला. शिवाय पुस्तक एकदा काउंटरमागे गेलं की ते परत आणायची आठवण कोणालाच राहत नाही.

५) समितीने अख्खं पुस्तक वाचायचं. पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं एक पान नव्हे. अमेरिकन कायदासुद्धा हेच सांगतो. १९७३ च्या मिलर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने अश्लीलतेच्या तीन कसोट्या घालून दिल्या, त्यात कलाकृती समग्र बघायची ही अट आहे. शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं एकच चित्र फाडून दाखवलं तर तेही भलतंच वाटेल!

६) निर्णय लेखी आणि कारणांसकट द्यायचा. पटला नाही तर तक्रारदार बोर्डाकडे अपील करू शकतो. बोर्डाने तिथे "मला हे पुस्तक आवडतं का?" असं विचारायचं नाही. "आपण आपला नियम पाळला का?" हे विचारायचं.

७) मीटिंग सगळ्यांसमोर घ्यायची. लोकांच्या बोलण्याला सारखाच वेळ, बाजूने असो की विरुद्ध. बोर्डाने उलट उत्तरं न देता ऐकायचं. सदस्यांनी आपसात ईमेलवर आधीच ठरवून यायचं नाही, कारण खुल्या सभेचे कायदे तिथे कडक आहेत. पेपरवाल्यांशी एकानेच बोलायचं, आणि वकिलाला पहिल्या दिवसापासून सोबत ठेवायचं.

८) एकदा तपासलेलं पुस्तक ठरावीक वर्षं परत तपासायचं नाही, नाहीतर दर महिन्याला तीच व्हायवा!

माझी मावशी न्यू जर्सीत राहते आणि तिथल्या लायब्ररीत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. तिला फोनवर हे सगळं विचारलं. ती म्हणाली, "अगं, नियम असला की घाबरायला होत नाही. समोरचा ओरडतो तेव्हा आपण फॉर्म पुढे करतो. आपल्याला हुशार असावं लागत नाही, फक्त शांत असावं लागतं." न्यू जर्सीत २०२४ च्या डिसेंबरमध्ये तसा कायदाच झाला आहे. बोर्डांनी निवडीचे आणि काढण्याचे नियम लिहून ठेवावेत असं त्यात सांगितलं आहे आणि ग्रंथपालांना कायदेशीर संरक्षणही दिलं आहे. त्याआधी २०२३ च्या जूनमध्ये इलिनॉयने असा कायदा केला होता, आणि तसं करणारं ते पहिलं राज्य. लायब्ररी बिल ऑफ राइट्स किंवा तशाच आशयाचं धोरण स्वीकारलं नाही, तर राज्य सरकारची ग्रँट नाही, असा तो नियम २०२४ च्या सुरुवातीपासून लागू झाला.

पद्धत पाळूनही किंमत मोजावी लागते

नियम पाळला की सगळं सुरळीत होतं असं मी लिहिलं, तर ती थाप होईल. विस्कॉन्सिनमधल्या वेस्ट बेंड गावात २००९ मध्ये किशोरवयीन मुलांच्या विभागातल्या पुस्तकांवरून वाद झाला. बोर्ड घाईने पुस्तकं हलवत नाही म्हटल्यावर एप्रिलमध्ये नगरपालिकेने चार सदस्यांची फेरनेमणूकच नाकारली. तरीही जूनमध्ये बोर्डाने मतदान केलं तेव्हा पुस्तकं जागेवर ठेवायच्या बाजूने नऊ आणि विरुद्ध शून्य मतं पडली.

मिशिगनमधल्या जेम्सटाउन टाउनशिपची गोष्ट तर आणखी कठीण. तिथल्या पॅटमॉस लायब्ररीत 'जेंडर क्वीअर' आणि तशा काही पुस्तकांवरून वाद पेटला. सरसकट काढायला बोर्डाने नकार दिला. लायब्ररी चालायची ती गावाच्या करावर, आणि त्या कराला ठरावीक वर्षांनी मतदारांची मंजुरी लागायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मतदारांनी ती नाकारली. नोव्हेंबरमध्ये परत नाकारली! लायब्ररी बंद पडायची वेळ आली. देशभरातून लोकांनी देणग्या पाठवल्या, त्यावर ती कशीबशी तगली. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी कर मंजूर केला. मधल्या सव्वा वर्षात तिथल्या कर्मचाऱ्यांना पुढच्या वर्षी आपली नोकरी असेल की नाही हेच माहीत नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट टेक्सासमधल्या लानो काउंटीची, जिथे पद्धत वगैरे काही राहिलीच नाही. २०२१ मध्ये तिथे सतरा पुस्तकं कपाटातून गेली. मुलांना हसवणारी पादण्यावरची चित्रपुस्तकंही त्यात होती (खरंच!), आणि इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट' हे पुस्तकही होतं. 'कास्ट' म्हणजे जात. अमेरिकेतला वर्णभेद समजून घ्यायला भारतातली जातव्यवस्था शेजारी ठेवणारं हे २०२० चं पुस्तक, आणि त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा उल्लेख आहे. ज्या माणसाने मुंबईत आपल्या ग्रंथांना जागा व्हावी म्हणून 'राजगृह' बांधलं, त्यांच्याबद्दल सांगणारं पुस्तक हजारो मैलांवरच्या एका गावात कपाटातून काढलं गेलं! हे वाचल्यावर हा विषय मला परक्या देशाचा वाटेनासा झाला.

काउंटीने जुनं लायब्ररी बोर्ड बरखास्त करून नवीन नेमलं. पुस्तकं काढायला नकार देणाऱ्या एका ग्रंथपालाला २०२२ मध्ये नोकरीवरून काढलं. (त्या कोर्टात गेल्या, आणि २०२५ मध्ये सव्वा दोन लाख डॉलर्सवर तडजोड झाली.) गावातले वाचकही कोर्टात गेले. २०२३ च्या मार्चमध्ये न्यायाधीशांनी पुस्तकं परत ठेवायला सांगितलं, तेव्हा काउंटीने लायब्ररीच बंद करावी का यावर सभा घेतली! नशिबाने तसं केलं नाही.

आमची बाजू मांडताना काउंटी म्हणत होती, की ही नेहमीची छाटणी आहे. आता छाटणी ही खरी गोष्ट आहे. शेतात खुरपणी करतात तशी प्रत्येक लायब्ररी फाटलेली, जुनी झालेली, वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं काढते. आपल्या लायब्ररीतली फ्लॉपी डिस्कवरची पुस्तकं काढली तर कोणी रडणार नाही. पण खुरपणीत तण काढतात. पुस्तक धडधाकट आहे, लोक वाचत आहेत, आणि तरी ते गेलं तर विचारावंच लागतं, की कोणाच्या मनाविरुद्ध होतं म्हणून गेलं?

२०२५ च्या मे महिन्यात वरच्या अपील कोर्टाने दहा विरुद्ध सात मतांनी काउंटीच्या बाजूने निकाल दिला: सार्वजनिक लायब्ररीतून पुस्तक काढलं म्हणून वाचकाला पहिल्या दुरुस्तीखाली दाद मागता येणार नाही. डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ही केस ऐकायलाच नकार दिला. ऐकायला नकार म्हणजे मान्यता नव्हे, पण टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत तो निकाल लागू आहे. तिथे वाचकाला कोर्टाचा हा दरवाजा बंद झाला. मग उरलं काय? बोर्डाचा लिहिलेला नियम, आणि तो पाळणारी माणसं. म्हणून मी मघाशी इतक्या पायऱ्या मोजत बसले.

पालकांचं काहीच खरं नाही का?

आहे ना! आपल्या मुलाने काय वाचावं हे ठरवायचा हक्क पालकाला आहेच, आणि हरकत घेणं हाही नागरिकाचा हक्क आहे. फॉर्म असतो तो याच हक्कासाठी. आमच्या शाळेत सातवीपर्यंतच्या मुलींना सीनियर्सच्या कपाटातली पुस्तकं मिळायची नाहीत. तेव्हा राग यायचा, पण आता वाटतं, वयाप्रमाणे कपाटं वेगळी करणं आणि पुस्तकच नाहीसं करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कपाट बंद असलं तरी आठवीत ते उघडणार हे आम्हाला माहीत होतं.

प्रश्न येतो तो माझ्या मुलासाठी घेतलेला निर्णय शेजारच्या मुलावर लादला जातो तेव्हा. शेजारच्या घरातली आई कदाचित तेच पुस्तक शोधत असेल, कारण तिच्या मुलीला जे प्रश्न पडलेत त्यांची उत्तरं तिला स्वतःला देता येत नाहीत.

आणि आणखी एक धोका आहे, जो कुठल्याही फॉर्मवर दिसत नाही. "कशाला उगाच वाद" म्हणून ग्रंथपाल पुस्तक विकतच घेत नाही. हरकत नाही, मीटिंग नाही, बातमी नाही. असोसिएशनच्या आकड्यांत हे कधीच मोजलं जात नाही. लेस्टर अशाइम या ग्रंथपालनाच्या अभ्यासकाने १९५३ मध्ये यातला फरक छान मांडला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की निवड करणारा पुस्तक ठेवायची कारणं शोधतो आणि सेन्सॉर ते नाकारायची. बोर्डाने ग्रंथपालाच्या मागे उभं राहायचं ते याचसाठी. आपल्यामागे कोणी आहे हे कळलं, की माणूस कारणं योग्य दिशेने शोधतो.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, आपल्या लायब्ररीत सगळी थर्मोडायनॅमिक्स आणि डेटा स्ट्रक्चर्स, त्यावर कोण हरकत घेणार? बरोबर आहे. पण कोपऱ्यात ते मराठी-इंग्रजी कादंबऱ्यांचं कपाट आहे ना, त्यात कोणती पुस्तकं यावीत हे कोण ठरवतं, आणि एखादं पुस्तक गायब झालं तर कोणाला विचारायचं, हे मला दोन वर्षं इथे काढूनही माहीत नव्हतं. शेवटी लायब्ररीतल्या काकांना विचारलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले (फाइन माफ करा म्हणायला आली असेल असं वाटलं असणार!) आणि मग म्हणाले, "मागणीचं रजिस्टर आहे की. कोणी लिहीतच नाही त्यात."

रजिस्टर काउंटरच्या डाव्या बाजूला आहे. मी 'कास्ट'चं नाव लिहून आले आहे. त्याखालच्या सगळ्या ओळी रिकाम्या आहेत, तेव्हा पुढच्या वेळी पुस्तक रिन्यू करायला जाल तेव्हा पेन घेऊन जा.